प्रकल्प नोंदी : ऐकणं-वाचणं चाचणी, वसंत सत्र २०२४

४ मार्च, सोमवार

लॉग आजपासून मराठीत. इंग्रजीत लिहिला की लाओशी (म्हणजे आमचे सर) कधीतरी वाचतील या धाकानं मी फार शहाण्यासारखं लिहितो आणि तीन महिन्यांनी उघडून बघितलं की नेमकं काय फसलं होतं तेवढंच त्यात नसतं. तर मराठीत, सुचेल तसं.

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. आमच्या विद्यापीठातून (शांघायमधलं, नाव राहू दे) दरवर्षी तिसऱ्या वर्षाची काही मुलं एका सत्रासाठी बाहेरच्या देशात जातात. निवड आत्तापर्यंत सीईटी-६ या इथल्या इंग्रजी परीक्षेच्या मार्कांवर (७१० पैकी) व्हायची. तक्रार अशी की साडेपाचशे-सहाशेवाली मुलंसुद्धा तिकडे पहिला महिना नुसती बसून असतात, लेक्चर डोक्यावरून जातं आणि आठवड्याला शंभर पानं वाचून या म्हटलं की रात्र-रात्र जागतात. म्हणून लाओशींकडे काम आलं की जरा वरच्या पातळीची चाचणी करा. फक्त ऐकणं आणि वाचणं. बोलणं-लिहिणं तपासायला माणसं लागतात, तेवढे पैसे नाहीत. टीम म्हणजे लाओशी, माझी शिजिए आणि मी. शिजिए म्हणजे एकाच गुरूकडची सीनियर ताई, ती मला शिदी म्हणते म्हणजे धाकटा गुरुबंधू, आणि बरीचशी हमाली या नात्यातच येते.

घरी फोनवर सांगितलं की सीईटीवर काम करतोय तर काका म्हणाले, "अरे तू इंजिनिअरिंग सोडून इंग्रजीला गेलास ना, मग आता परत सीईटी कशाला?" म्हटलं काका ही ती नाही, ही कॉलेज इंग्लिश टेस्ट, चार नंबरची आणि सहा नंबरची, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होते, इथली पोरं तिला स-लिउ-जी म्हणतात, म्हणजे चौथी-सहावी पातळी. तर म्हणतात, "पर्सेंटाइल किती लागतं?" हसलो, पण प्रश्न अगदी बरोबर होता. ७१० पैकी जे मार्क मिळतात ते किती बरोबर आले याचे थेट मार्क नसतात, एका ठरलेल्या गटाशी तुलना करून बसवलेले असतात, सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन ७० धरून. चार नंबरसाठी तो गट १६ विद्यापीठांतल्या साधारण ३० हजार मुलांचा, सहा नंबरसाठी फक्त ५ नावाजलेल्या विद्यापीठांतल्या ५ हजारांचा. म्हणजे ५५० चा अर्थ "त्या गटाच्या मानानं इतका पुढे". तो मुलगा पन्नास मिनिटांचं लेक्चर ऐकून टिपणं काढू शकतो का, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

आठवडाभर जुने पेपर. सहा नंबरचं ऐकणं अर्धा तास, २५ प्रश्न : दोन मोठे संवाद, दोन उतारे, तीन छोटी व्याख्यानं. सगळं एकदाच ऐकवतात. प्रश्न छापलेले नसतात, फक्त चार-चार पर्याय समोर असतात आणि प्रश्न शेवटी कानावर पडतो. वाचनाला ४० मिनिटं : शब्दपेटीतून रिकाम्या जागा, एका लांब उताऱ्यातल्या परिच्छेदांशी वाक्यं जुळवणं, आणि दोन उतारे बारकाईनं.

आता क्लासवाल्यांनी काय शिकवलंय बघा. सूचना वाजत असतात तेवढ्यात पर्यायांखाली रेघा मारायच्या, मग जे शब्द ऐकू आले ते ज्या पर्यायात दिसतात तो निवडायचा. याला नावच आहे, शि-थिंग-यी-चि, म्हणजे दिसतं तेच ऐकू येतं. शिवाय उत्तरं प्रश्नांच्याच क्रमानं येतात हे सगळ्यांना पाठ. मी शिजिएला म्हटलं आमच्याकडे दहावीला उताऱ्यावरचे प्रश्न असेच सोडवायचे, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य फुलस्टॉपपर्यंत उतरवून काढायचं, उतारा वाचलाच पाहिजे असं काही नाही. ती म्हणाली मग तू अर्धा चिनी आहेस.

कॉलेज इंग्लिशच्या २००७ च्या सरकारी अभ्यासक्रमातले आकडे पण काढले. किमान पातळीला मिनिटाला ७० शब्द वाचन आणि भरभर वाचायचं झालं तर १००, ऐकण्याचा वेग मिनिटाला १३० ते १५० शब्द. शब्दसंग्रह ४,७९५, वरच्या पातळ्यांना ६,३९५ आणि ७,६७५. (हा ४,७९५ मधला शेवटचा ५ कुठून आला असेल याचं मला फार कुतूहल आहे.) इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसं माहितीपर मजकूर मनात वाचताना सरासरी २३८ शब्दांच्या वेगानं जातात. ७० नं आठवड्याला शंभर पानं वाचायची म्हणजे नोकरीच झाली.

लाओशींनी एक जुनी गोष्ट वाचायला दिली. सिरिल वीअर, यांग हुइचोंग आणि जिन यान यांनी इथल्याच पदवीच्या मुलांसाठी एक प्रगत इंग्रजी वाचन चाचणी केली होती, ते काम २००० साली छापून आलं. त्यांचा मूळ प्रश्न असा की वाचन म्हणजे एकच कौशल्य का? एक सावकाश, ओळ न ओळ समजून वाचणं. दुसरं म्हणजे झरझर नजर फिरवून हवं ते शोधणं, मजकुराचा सारांश पटकन हेरणं. ही दोन्ही एकाच माणसात सारखीच असतात हे आपण उगाच धरून चाललोय का? आमच्या चाचणीचा सांगाडा हाच. सावकाश वाचन वेगळं, झरझर वाचन वेगळं, घड्याळ लावून.

२१ मार्च, गुरुवार

विषय निवडणं. मी मोठ्या उत्साहात एक उतारा आणला होता, प्लेगवर. युन्नानमधून कँटन, तिथून १८९४ ला हाँगकाँग, तिथे येर्सिननं जंतू शोधला, १८९६ ला मुंबईत साथ आली, मग हाफकिनची लस, त्यानं जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. चीन पण आहे, मुंबई पण आहे, कालक्रम स्वच्छ, कारणं-परिणाम भरपूर, प्रश्न काढायला सोनं. शिजिएनं पहिली ओळ वाचली आणि पान उलटं ठेवलं. "साथ नको." मी म्हटलं सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. "शिदी, ही पोरं २०२२ ला हॉस्टेलमध्ये कोंडलेली होती. परीक्षेत साथ नको." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. परीक्षेच्या कागदावर कुणाचं काही दुखणारं नसावं हा नियम मला पाठ आहे, तरी माझ्या हातून सुटलाच, कारण विषय माझ्या आवडीचा होता.

मग यादी काढली : मरण नको, साथ नको, भूकंप नको, राजकारण नको, खेळाडूंचे निकाल नको, आणि एकाच शाखेच्या मुलांना फुकटचा फायदा होईल असं काही नको. या चाळणीतून जे उरतं ते बहुतेक वेळा मधमाश्या. मधमाश्यांवर किती परीक्षा झाल्या असतील जगात! आम्ही मधमाश्या टाळल्या. कंटेनर जहाजं, ग्रंथालयातल्या पुस्तकांचं वर्गीकरण, प्रमाणवेळ, पुलांचे खांब कसे खचतात (सिव्हिलवाल्यांना फायदा, म्हणून बाद), झोपेची शास्त्रीय मोजणी.

ऐकण्यासाठी मी प्रमाणवेळ घेतली. लेक्चर मीच लिहिणार, मुंबई टाइमवर.

२ एप्रिल, मंगळवार

आज एक घाणेरडी पण आवश्यक तपासणी. बावीस मुलांना फक्त प्रश्न आणि पर्याय दिले, उतारा दिलाच नाही. अंदाजानं ठोकलं तर चारात एक बरोबर यायला हवं. कंटेनर जहाजांच्या १० पैकी ४ प्रश्नांना निम्म्याहून जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. उतारा न वाचता! विचारलं कसं, तर एक पोरगी म्हणाली सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो, आणि ज्यात "नेहमी" किंवा "फक्त" असतं तो चूक असतो. बघितलं तर खरंच, आम्ही बरोबर उत्तर वादातीत व्हावं म्हणून त्याला "काही परिस्थितींमध्ये" वगैरे शेपट्या लावत गेलो होतो आणि तेच उत्तर लांबत गेलं. चुकीचे पर्याय आखूड आणि ठाम.

त्या मुलीला चहा पाजायला हवा. चार प्रश्न फेकले, दोन दुरुस्त केले. झरझर वाचनाच्या भागात पर्यायच काढून टाकले, चार शब्दांत उत्तर लिहा. तपासायला जड जाणार पण ठोकाठोकी बंद.

शब्दांवरून आठवलं, इथल्या पोरांचा लाडका विनोद : शब्दांची पुस्तकं वर्णक्रमानं असतात, त्यामुळे पहिला शब्द नेहमी "अबँडन". म्हणजे सोडून देणे. पुस्तक उघडायचं, अबँडन पाठ करायचं आणि अबँडन करायचं.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. सकाळी आईनं व्हिडिओ कॉलवर गुढी दाखवली, इथे कडुलिंब नाही म्हणून मी कारल्याचा तुकडा खाल्ला आणि रेकॉर्डिंगला गेलो.

लेक्चर सात मिनिटांचं. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ आली, साडेपाच तास पुढची, पण मुंबई शहरानं आपली जुनी वेळ सोडली नाही, ३९ मिनिटं मागे राहिली ती थेट १९५५ पर्यंत. कलकत्त्यानं १९४८ ला सोडली. मग लोक दोन घड्याळं कशी सांभाळायचे, रेल्वे कुठली वेळ पाळायची, सरकारनं लादली म्हणून विरोध किती आणि सवय मोडायची म्हणून विरोध किती. हा शेवटचा भाग मुद्दाम ठेवला, कारण त्यात वक्ता आधी एक मत मांडतो आणि मग "पण एवढंच नव्हतं" म्हणून वळतो. शब्द पकडणाऱ्याला पहिलंच मत सापडणार, वळण पकडणाऱ्याला दुसरं. चाचणीतला माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच.

आवाज कुणाचा यावर आधी वाद झालेला. शिजिएचं म्हणणं अमेरिकन किंवा ब्रिटिश घ्या, मुलांना तेवढीच सवय आहे. लाओशी म्हणाले तिकडच्या विद्यापीठात शिकवणारे काय सगळे बातम्या देणारे असतात का, निम्मे भारतीय, इराणी, ग्रीक. शेवटी चारपैकी एक लेक्चर माझ्या आवाजात. पहिल्या टेकला वेग मोजला तर मिनिटाला १७० शब्द. ठरलेला १५०. तंत्र सांभाळणारे शिफु (इथे कारागिराला, मेकॅनिकला शिफु म्हणतात, आपल्या उस्तादसारखं) काचेपलीकडून हात खाली-खाली करत होते. चौथ्या टेकला जमलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

ऐकण्याचा पहिला पायलट, म्हणजे चाचणी आधी थोड्या मुलांवर करून बघणं. ४१ मुलं.

आधी गोंधळ सांगतो. इथे परीक्षेचा आवाज कॅम्पसच्या एफएमवरून सोडतात आणि मुलं रेडिओवाले हेडफोन लावून ऐकतात. सीईटीच्या आधी दुकानात हे हेडफोन ढिगानं असतात, काहींचे सीनियरकडून वारशानं आलेले. आम्ही विभागाचे ४५ काढले. सुरू केल्यावर तीन मिनिटांत मागच्या रांगेतून हात वर. एकाच्या कानात नुसती खरखर, दुसरीच्या कानात शेजारच्या इमारतीतला जपानीचा वर्ग. शिफु धावत आले, फ्रिक्वेन्सी हलवली, परत पहिल्यापासून. म्हणजे पहिलं लेक्चर काहींनी दीड वेळा ऐकलं, तो डेटा कचऱ्यात.

आता गंमत. माझ्या लेक्चरची टिपणं बघतोय तर अकरा कागदांवर "बॉम्बे डाइम". डाइम! अर्धा तास डोकं खाजवलं आणि मग लख्ख प्रकाश पडला. आपण मराठी माणसं टाइम म्हणताना ट म्हणतो, कोरडा ट, हवा नाही. इंग्रजी बोलणारा म्हणतो तो जवळजवळ ठाइम असतो. आपल्या कानाला ट, ठ, ड, ढ चारी वेगळे, त्यामुळे टाइम हा टाइमच. पण मँडरिनमध्ये फरक हवेचा आहे, हवा सोडली तर त्यांचा टी, नाही सोडली तर त्यांचा डी. रोमन लिपीत डी लिहितात तिथे आपल्या कानाला चक्क त ऐकू येतो. म्हणजे माझा बिनहवेचा ट त्यांच्या कानात थेट डी च्या खणात जाऊन पडला. शिजिएला टाइम-ठाइम-डाइम करून दाखवलं तर तिला पहिला आणि तिसरा एकच वाटला. तिनं चारदा म्हणायला लावलं, मग म्हणाली मी मुद्दाम करतोय.

पण पुढे बघितलं तर हे गोंधळ पहिल्या मिनिटातच दाटलेले, नंतर विरळ होत जातात. कान जुळवून घेतो. उपाय सोपा : मार्काचे प्रश्न सुरू होण्याआधी वक्त्यानं मिनिटभर काहीतरी बोलायचं, ओळख वगैरे, त्यावर प्रश्न नाही. खऱ्या लेक्चरलाही पहिलं मिनिट असंच जातं.

उच्चारापेक्षा जास्त बळी घेतले आकड्यांनी. जहाजांच्या लेक्चरमध्ये "थ्री हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड" असा आकडा आहे, तो बऱ्याच जणांनी बरोबर लिहिला, पण त्याच्या लगेच नंतरचा प्रश्न धाडकन कोसळलेला. कारण चिनीत दहा हजाराला एक शब्द आहे, वान, आणि मोजणी त्या टप्प्यानं होते. साडेतीनशे हजार ऐकायचं, मनात ३५ वान करायचं, मोठेपणा समजून घ्यायचा आणि मग परत इंग्रजी आकड्यात लिहायचं, तोवर वक्ता दोन वाक्यं पुढे. मला हे सांगायला संशोधन नको, मी स्वतः दर वेळी साडेतीन लाख करूनच समजून घेतो आणि मिलियन म्हटलं की अजून बोटं मोजतो. तो प्रश्न दोन वाक्यं पुढे ढकलला. आम्हाला लेक्चर समजतं का ते मोजायचंय, लाख-वानची कसरत नाही. शिजिएचं म्हणणं कसरत पण खऱ्या आयुष्यात असतेच. असते, पण मग तिचे वेगळे मार्क द्या.

२८ एप्रिल, रविवार

रविवार, पण कामाचा दिवस. १ मेची पाच दिवसांची सुट्टी अशीच भरून घेतात, आज आणि ११ मेचा शनिवार. सुट्टी उसनी देतात.

दिवसभर ऐकण्याची उत्तरं तपासली, तिथेही पर्याय नाहीत. चार शब्दांत उत्तर म्हटलं तरी माणसं काय काय लिहितात. मुंबई टाइमच्या वळणावरच्या प्रश्नाला अपेक्षित उत्तर "सवय", पोरांनी लिहिलं "जुनं घड्याळ आवडायचं", "बदल नको", "आळस". आळस द्यायचा का? मी दिला, शिजिएनं नाही दिला. स्पेलिंगवरून तर भांडणच. एकानं "हॅबिट" ला दोन बी लिहिले. ऐकणं तपासतोय की स्पेलिंग? ठरलं : वाचून शब्द ओळखू आला तर पूर्ण मार्क. इंग्रजी मेजरवाल्यांच्या आठव्या पातळीच्या परीक्षेत (टेम-८, ती वेगळी, शांघायच्याच परदेशी भाषांच्या विद्यापीठाकडून चालते) असंच छोटं लेक्चर एकदा ऐकवून १५ गाळलेल्या जागा भरायला देतात, जास्तीत जास्त तीन शब्द, पण तिथे व्याकरण पण बसावं लागतं. आमच्याकडे बहुतेक इंजिनिअरिंगची आणि बिझनेसची पोरं.

लाओशींनी अजून एक पर्याय टाकला की उत्तर चिनीत लिहू द्या. म्हणजे समजलंय पण इंग्रजीत मांडता येत नाही अशाचा मार्क जाणार नाही. तत्त्वतः पटलं. पण मग मी तपासणार कसा? माझं चिनी म्हणजे भाजी, मेट्रो आणि "हे तिखट आहे का". तरी करू या म्हटलं, वाचनाच्या सावकाश भागात. तपासणी शिजिएकडे. ती काही बोलली नाही, फक्त बघितलं.

११ मे, शनिवार

वाचनाचा पायलट. भाग पहिला सावकाश, दोन उतारे, ३५ मिनिटं. मग कागद गोळा. भाग दुसरा झरझर, साधारण १,८०० शब्दांचा एकच मजकूर, ग्रंथालयांच्या वर्गीकरणावर, ८ प्रश्न, १५ मिनिटं. वेगळे गोळा केलेच पाहिजेत, नाहीतर मुलं पहिल्या भागाचा वेळ दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा पहिल्याला लावतात आणि मग काहीच मोजलं जात नाही. याची सवय त्यांना आहेच, सीईटीतही ऐकणं संपलं की पहिली उत्तरपत्रिका काढून घेतात. प्रश्न मुद्दाम मजकुराच्या क्रमानं ठेवले नाहीत. सूचनेत चिनीत ठळक लिहिलं : सगळं वाचू नका, प्रश्न बघा आणि शोधा.

सगळ्यांनी सगळं वाचलं.

मी मागे उभा राहून बघत होतो. सूचना वाचली, माना डोलावल्या, आणि पेन्सिल पहिल्या ओळीवर. एकेक ओळ. १५ मिनिटं झाली तेव्हा बहुतेक जण तिसऱ्या पानाच्या वर अडकलेले. पहिल्या दीड पानात ज्यांची उत्तरं होती ते चार प्रश्न भरलेले आणि उरलेले कोरे. पहिल्या भागात जिचे जवळपास पैकीच्या पैकी, सीईटी-६ ला सहाशेच्या वर, तिचेही चारच. आणि कॉम्प्युटरचा एक मुलगा, चार नंबरची परीक्षा दुसऱ्या झटक्यात काढलेली, सहाला अजून बसलेला नाही, पहिल्या भागात यथातथा, त्यानं ८ पैकी ७.

मला आधी कॉपी वाटली. मग शिजिए म्हणाली त्याच्या आजूबाजूला कुणाला ७ आहेत का ते तर बघ. नव्हते.

१४ मे, मंगळवार

दोघांनाही बोलावलं, वेगवेगळं. नवा मजकूर द्यायचा आणि डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायचं, चिनीत, शिजिए मला कानात सांगणार.

टॉपर आधी. ती प्रत्येक लांब वाक्याचा कर्ता, क्रियापद, कर्म शोधून खाली खुणा करते, मग उपवाक्यं कंसात टाकते. लांब-अवघड वाक्य हा क्लासमधला स्वतंत्र विषयच आहे, छांग-नान-ज्यू म्हणतात. आणि ती हे सुंदर करते, मला हेवा वाटावा इतकं. पण एक परिच्छेद सोडून पुढे जा म्हटलं तर थांबली. म्हणाली सोडलं की चोरी केल्यासारखं वाटतं, आणि सोडलेल्यातच उत्तर असेल तर? म्हटलं मग परत ये. तर म्हणते परत यायला वेळ कुठे असतो. तिच्या बाजूनं हे अगदी तर्कशुद्ध आहे. तिला आयुष्यभर जे उतारे मिळाले ते तीनशे-चारशे शब्दांचे, त्यातल्या प्रत्येक वाक्यावर प्रश्न येऊ शकायचा, मग सोडणारा मूर्खच.

कॉम्प्युटरवाला. आधी प्रश्न वाचले, मग कागद झटकन शेवटपर्यंत चाळला, मथळे बघितले, मग एका प्रश्नातला शब्द तसाच सापडणार नाही म्हणून त्याच्या जवळचे दोन-तीन शब्द मनात धरले आणि नजर फिरवली. "कुठे शिकलास?" तर म्हणतो शिकलो नाही, प्रोग्रॅम चालत नाही तेव्हा इंग्रजीतलं डॉक्युमेंटेशन उघडावं लागतं, ते कोण पूर्ण वाचणार. मग त्याला सावकाश भागातला एक परिच्छेद दिला, लेखकाचा टोमणा असलेला. टोमणा त्याला दिसलाच नाही, त्यानं ते सरळ कौतुक म्हणून घेतलं.

प्रत्येकाच्या दोन भागांची बेरीज करून भागिले दोन केलं तर दोघं सारखेच दिसतात.

३० मे, गुरुवार

वाचनाचा दुसरा पायलट, नवी मुलं, ५३. या वेळी झरझर भागाआधी पाच मिनिटांचा सराव, मार्क नाहीत, नुसतं शोधायचं कसं ते करून बघायचं. फरक पडला पण माझी अपेक्षा होती तेवढा नाही. पाच मिनिटांत बारा वर्षांची सवय जाते होय. कोरे कमी झाले, अंदाजपंचे वाढले.

दोन भागांचे मार्क एकमेकांसमोर मांडून आलेख काढला. संबंध आहे, पण सैल. ठिपके रेषेवर न बसता सगळीकडे पांगलेले, वर-डावीकडे एक पुंजका (सावकाशमध्ये भारी, झरझरमध्ये ढेपाळलेले) बऱ्यापैकी मोठा, खाली-उजवीकडे थोडेच. लाओशी आलेखाकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले दोन मार्क द्यायचे, वेगवेगळे, बेरीज नाही. ऐकण्याचेही दोन, तपशील आणि मुद्दा. मी तेच म्हणणार होतो पण माझ्या तोंडून आलं असतं तर दोन मीटिंगा झाल्या असत्या.

चिनीत उत्तरं तपासताना शिजिएचा रविवार गेला. मी तिच्यासाठी पोहे केले. ओला नारळ मिळाला नाही.

१५ जून, शनिवार

आज खरी सीईटी. सकाळी नऊला चार नंबर, दुपारी तीनला सहा नंबर. कॅम्पसमध्ये हॉर्न बंद, कॅन्टीनच्या रांगेत सगळ्यांच्या गळ्यात हेडफोन. दारात एक मुलगी शेवटच्या क्षणी बॅटरी शोधत होती, माझ्या बॅगेत पायलटच्या होत्या त्या दिल्या. संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोनवर भाषांतराच्या प्रश्नाची टिंगल सुरू, कुणी काय काय दिवे लावले ते.

टिंगल चालते पण गंमत नाहीये. एम.ए.च्या थेट प्रवेशाला, नोकरीच्या अर्जाला, शांघायमध्ये हुकोउ (कायमचा रहिवासी म्हणून नोंद) मिळायच्या गुणांनासुद्धा हा आकडा लागतो. ४२५ च्या वर की खाली, बस. एवढी वर्षं (चार नंबर १९८७ पासून चालू आहे) लाखो मुलांची एकाच दिवशी, एकाच मापानं परीक्षा घेणं हे सोपं काम नाही आणि आमच्या ४५ रेडिओंमध्ये जपानीचा वर्ग घुसला होता हे लक्षात ठेवून मी तिला नावं ठेवणार नाही. तिचं काम वेगळं आहे. आमची तक्रार एवढीच की जिथे दुसरं काम आहे तिथेही तिचाच आकडा वापरतात.

२१ जून, शुक्रवार

पावसाळा लागला. इथे याला आलुबुखाऱ्याचा पाऊस म्हणतात, मेइ-यू, आणि तो कोकणासारखा कोसळत नाही, नुसता भिंतींतून पाझरतो.

निवड कार्यालयासोबत मीटिंग. लाओशींनी दोन वाचनाचे, दोन ऐकण्याचे असे चार मार्क कसे वाचायचे ते समजावलं, आलेख दाखवला, टॉपर आणि कॉम्प्युटरवाला यांची गोष्ट नाव न घेता सांगितली. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, दोनदा "फारच छान" म्हणाल्या आणि मग लॅपटॉप आमच्याकडे वळवला. त्यांच्या यादीत मुलाचं नाव, विभाग, क्रमांक, आणि "इंग्रजी" असा एक रकाना. एक. त्यांनी विचारलं यात काय भरू?

लाओशी म्हणाले चार रकाने करता येतील का. तर म्हणे सिस्टिम बाहेरून घेतलेली आहे, रकाना वाढवायचा तर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये मागणी टाकावी लागेल. मी म्हटलं शेरा लिहायला जागा आहे का? होती, वीस अक्षरांची. चिनीत वीस अक्षरांत बरंच मावतं, तेवढं एक बरं. शिजिएनं तिथल्या तिथे वाक्य तयार केलं : "बारकाईनं वाचतो, लांब मजकुराला मदत लागेल." अशी सहा वाक्यं, एकेका प्रकारच्या मुलासाठी. इंग्रजीच्या रकान्यात यंदा बेरीजच जाईल, आणि क्रम त्या बेरजेनंच लागेल. शेरा निवडीत धरणार नाहीत, पण जी मुलं निवडली जातील त्यांना जायच्या आधी दोन आठवड्यांचा वर्ग असतो, तो घेणाऱ्यांना दिसेल. म्हणजे टॉपर जाईल, आणि जायच्या आधी कुणीतरी तिला पानं सोडून द्यायला शिकवेल. कॉम्प्युटरवाला बेरजेत अगदी काठावर आहे, त्याचं काय होतं ते सप्टेंबरमध्ये कळेल.

२८ जून, शुक्रवार

आवराआवर. उत्तरपत्रिका खोक्यात, नावं काढून फक्त नंबर ठेवले. चारी ऑडिओ दोन जागी साठवले. "आळस"ला शेवटी अर्धा मार्क, दोघांच्या सहमतीनं. टाइमचा ट मी पुढच्या रेकॉर्डिंगला बदलायचा का हा प्रश्न शिजिएनं काढला, मी म्हटलं नाही बदलणार, एक मिनिटाची ओळख आहे ना. ती म्हणाली ठीक आहे, डाइम तर डाइम.

रेडिओ मोजले, ४३ भरले. दोन कुठे गेले ते बहुतेक १५ तारखेलाच गेले असणार. सोमवारी शिफुंना सांगायचं आहे, सोबत काहीतरी गोड न्यावं लागेल.